कपाटाची किल्ली कोणाकडे?

आपल्या गावच्या किंवा वॉर्डातल्या शाळेत कधी जाणे झाले तर एक गोष्ट मुद्दाम पाहावी. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट असते. आत परीक्षानळ्या, चंचुपात्रे, भिंगे, दोन-चार चुंबक आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न आलेला एखादा सूक्ष्मदर्शक असतो. कपाटाला कुलूप असते. साठा नोंदवही मागितली तर ती मात्र अगदी व्यवस्थित सापडते. इतक्या नळ्या आल्या, इतक्या शिल्लक, तूट-फूट निरंक. तपासणीला आलेला अधिकारी खाली ‘समाधानकारक’ असा शेरा मारून निघून जातो. आमच्या मते ‘तूट-फूट निरंक’ ही ओळच त्या शाळेतील विज्ञान शिक्षणाची खरी अवस्था सांगते. वर्षभरात जिथे एकही काचनळी फुटली नाही, तिथे ती एकाही पोराच्या हातात गेलेली नाही, हे समजायला शिक्षणतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

मग दहावीची प्रात्यक्षिके होतात कशी? विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत आणि ते बहुतेकांना मिळतातही. याचे उत्तर प्रयोगवहीत आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने असतात आणि बाजारात मिळणाऱ्या तयार प्रयोगवहीवरून ते एका रात्रीत भरले जातात. जे डोळ्यांनी पाहिलेच नाही त्याचे ‘निरीक्षण’ मूल सुवाच्य अक्षरात लिहिते. शिक्षक लाल शाईने सही करतात. म्हणजे ज्या विषयाने मुलाला ‘स्वतः पाहा, मग मान’ हे शिकवायचे, त्याच विषयाच्या तासाला ‘कोणीतरी पाहून ठेवले आहे, तू फक्त उतरवून घे’ हे शिकवले जाते. ग्रंथप्रामाण्य म्हणतात ते आणखी वेगळे काय असते? पोथीच्या जागी मार्गदर्शिका आली, एवढाच फरक.

हा केवळ शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न असता तर त्यावर या पानात लिहिण्याचे कारण नव्हते. शहरातल्या महागड्या शाळेतल्या मुलाला शाळेत प्रयोग मिळाला नाही तर घरी मिळतो. त्याचे आईबाप खेळण्यांचे संच विकत आणतात, सुट्टीत विज्ञान शिबिराला पाठवतात. आपल्या पोराला शाळा एके शाळा आहे. तिथले कपाट बंद राहिले तर त्याच्यासाठी विज्ञानच बंद राहते. आणि हाताला वस्तू न लागू देणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. सातारच्या शाळेत बालभीमाला गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून इतर मुले ते उचलायला धावली. हा प्रसंग चरित्रात आपण सर्वांनी वाचला आहे. फळा, खडू, पाण्याचे भांडे या शाळेतल्या अगदी साध्या वस्तू आहेत. पण त्यांना हात लावण्याचा अधिकार हाच तेव्हा संघर्षाचा मुद्दा होता. आज कायद्याने तो अधिकार आहे. तरीही मुलाच्या हातात वस्तू पडत नसेल तर त्याची कारणे शोधावी लागतील.

बाबासाहेबांची या बाबतीतली दृष्टी किती स्वच्छ होती, हे १९४२ साली त्यांनी व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनातून दिसते. अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मागताना त्यांनी केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणावर समाधान मानले नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण मिळाल्याशिवाय या समाजाची स्थिती बदलणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. ही मागणी कोणी केली? स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्यात जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या माणसाने. आपल्या चळवळीने वसतिगृहे उभी केली, महाविद्यालये उभी केली, वकील, प्राध्यापक, अधिकारी घडवले. प्रयोगशाळेचे कपाट मात्र आपल्या मागण्यांच्या यादीत फारसे कधी आले नाही.

आता एक प्रयोग. तो अनेक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत होता आणि आजही अनेक वर्गांत शिकवला जातो. ताटलीत पाणी घ्यायचे, मधोमध मेणबत्ती पेटवायची आणि वर काचेचा पेला उपडा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. पेला साधारण एक पंचमांश भरतो. अनुमान म्हणून लिहायचे की मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो, म्हणून तितके पाणी चढले. झाला प्रयोग.

हाच प्रयोग आम्ही काही मुलांसमोर केला, पण एकाऐवजी तीन सारखे पेले घेऊन. पहिल्यात मेणबत्तीचा एक तुकडा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. पाण्यात निळीचे थेंब टाकले, म्हणजे पातळी नीट दिसते. आधी मुलांना विचारले, काय होईल? सगळ्यांनी पुस्तकातले उत्तर दिले, तिन्ही पेल्यांत पाणी सारखेच चढेल. बरोबरच आहे. पेले सारखे, म्हणजे हवा सारखी, म्हणजे ऑक्सिजनही सारखाच. पण पाणी सारखे चढले नाही. तीन मेणबत्त्यांच्या पेल्यात ते सर्वांत वर गेले. एक मुलगी एवढा वेळ गप्प बसून पेल्याच्या काठाकडे पाहत होती. ती म्हणाली, “सुरुवातीला बुडबुडे भायेर आले की.” सगळे पुन्हा बसले, पुन्हा मेणबत्त्या पेटल्या. खरेच, पेला ठेवताना काठाखालून बुडबुडे येत होते. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ज्योत जळत असताना पाणी फारसे हलत नाही, ती विझल्यावर एकदम वर येते.

आता कारण त्यांचे त्यांनाच सापडले. ज्योतीने पेल्यातली हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. जितक्या मेणबत्त्या जास्त, तितकी हवा अधिक तापते आणि तितके पाणी अधिक चढते. मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यातला सगळा ऑक्सिजन संपलेलाही नसतो, बराचसा शिल्लक असतो. एक पंचमांशाशी पडलेली गाठ निव्वळ योगायोगाची आहे.

या सगळ्याला खर्च आला तो मेणबत्त्यांचा. पेले घरचे, ताटल्या घरच्या. पण सहावी-सातवीच्या पोरांनी छापील पुस्तकातले विधान स्वतःच्या डोळ्यांनी पाहून खोडून काढले. पुस्तकात छापले आहे म्हणून खरे, गुरुजींनी सांगितले म्हणून खरे, पूर्वापार चालत आले म्हणून खरे, या तिन्ही आधारांना अडीच हजार वर्षांपूर्वी कालामांना उपदेश करताना तथागतांनी नकार दिला होता. ‘एहिपस्सिको’, म्हणजे ये आणि पाहा, हे धम्माचे लक्षण वंदनेत आपण रोज म्हणतो. पोरांना ते म्हणता येते, पण पाहायला काय ठेवले आहे आपण त्यांच्यासमोर?

असे शिक्षण मोठ्या प्रमाणावर शक्य आहे का, की हे चार हौशी लोकांचे खेळ आहेत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या राज्यात दिले गेले आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांमध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी तो सुरू केला आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्ली विद्यापीठ अशा ठिकाणचे शास्त्रज्ञ खेड्यातल्या मास्तरांबरोबर सतरंजीवर बसून काम करू लागले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांत गेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे तो चालवला आणि इतर जिल्ह्यांतही नेला. मुले चौघाचौघांच्या टोळीत बसत, प्रत्येक टोळीला साहित्य मिळे. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते, पण तयार उत्तरे नव्हती. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेण्याची मुभा होती, कारण पाठांतराची परीक्षा घ्यायचीच नव्हती. प्रात्यक्षिक परीक्षा खरोखर हाताने द्यावी लागे. मुलांना पडलेले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक व्यक्तीला पत्राने पाठवता येत आणि त्यांना उत्तर येई.

एकलव्य हे नाव आपल्या वाचकांना काय सांगते, हे आम्ही वेगळे लिहीत नाही. अंगठा मागणाऱ्या गुरूची गोष्ट आपण पिढ्यानपिढ्या ऐकली आहे. पण शेवट सांगायला हवा. ३० वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली मध्य प्रदेश सरकारने बंद केला. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निषेध केला, त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा तिथे सरकार काँग्रेसचे होते, हेही नोंदवून ठेवावे. प्रश्न विचारायला शिकलेली पोरे कोणत्याच सत्ताधाऱ्याला फारशी सोयीची वाटत नाहीत.

महाराष्ट्रातही काही झाले नाही असे नाही. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केले, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतल्या महापालिका शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या मुलांसोबतही केले. त्या कामातून भाषेचा मुद्दा ठळकपणे पुढे आला. पोराची बुद्धी अडत नाही, पुस्तकाची भाषा त्याला अडवते. हे आपण अनुभवाने जाणतोच. विष्यंदिता, अपस्करण, केशाकर्षण हे शब्द कोणाच्या घरात बोलले जातात? आपल्या घरात तर नाहीच, खरे पाहता कोणाच्याच नाहीत. पण तेल पाण्यापेक्षा सावकाश ओघळते, हे पोराने झाकणातून ओतून पाहिले की त्या अवघड शब्दाला टांगायला खुंटी मिळते. खुंटीविना शब्द दिला की तो मंत्र होतो, आणि मंत्र पाठ करण्यात ज्यांच्या घराण्याला सराव आहे तेच पुढे जातात.

साहित्य महाग असते ही सबबही टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या देशांतल्या शाळांकडे प्रयोगशाळा नव्हत्या. त्या शिक्षकांसाठी घरगुती वस्तूंतून प्रयोग कसे करावेत याची एक पुस्तिका युनेस्कोने काढली आणि तिच्यातूनच १९५६ मध्ये विज्ञान शिक्षकांसाठीचा जगप्रसिद्ध संदर्भग्रंथ तयार झाला. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी १९७८ साली टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबाद गाठले आणि आठवडी बाजारातल्या स्वस्त वस्तूंतून खेळणी घडवली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि आगकाड्या, एवढ्यावर भूमिती उभी राहते. तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबा, तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, लगेच कलतो. चौकोनात एक तिरपी काडी घाला, घट्ट होतो. ज्याचा बाप सेंटरिंगच्या कामाला जातो त्या पोराला हे दाखवले तर ते म्हणते, आमचा बाप तिरका वासा ठोकतो तो यासाठीच. बापाच्या हाताला जे ठाऊक होते त्याचे कारण पोराला कळते.

इथे थांबून एका धोक्याबद्दल बोलले पाहिजे, कारण ‘हाताने शिका’ ही घोषणा आपल्याविरुद्धही वापरली गेली आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकायचे आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकायचा. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने या योजनेला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, म्हणून विरोध केला. चांभाराच्या पोराने चांभारकाम शिकायचे आणि ब्राह्मणाच्या पोराने काय शिकायचे, हा त्यांचा बिनतोड सवाल होता. आंदोलन पेटले, राजाजींना जावे लागले आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर योजना रद्द झाली. आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. कागदावर ती सर्वांसाठी आहे. ती खरोखर सर्वांसाठी राहते का, की कोणी १० दिवस कौतुकाने चाक फिरवून परत येतो आणि कोणी तिथेच कायमचा बसवला जातो, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

जाती ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. या विभागणीत हात एका बाजूला आणि डोके दुसऱ्या बाजूला गेले. ज्यांनी कातडे कमावले त्यांना चुन्याने केस का सुटतात आणि बाभळीच्या सालीने कातडे का टिकते, हे अनुभवाने माहीत होते, पण त्यांना अक्षर नाकारले गेले. ज्यांच्याकडे अक्षर होते त्यांनी कातड्याला हातच लावला नाही. मग रसायनशास्त्र या देशात वाढणार कुठे? युरोपात परिस्थिती फार वेगळी होती असे नाही. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा. सर हम्फ्री डेव्ही यांच्याबरोबर तो युरोपच्या प्रवासाला गेला तेव्हा डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागवले. पण प्रयोगशाळेचे दार त्याला उघडले होते, आणि विजेचे जनित्र ज्या तत्त्वावर चालते ते त्याने १८३१ मध्ये शोधून काढले. पुढे मुलांसाठी त्याने एका साध्या मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली, ती आजही वाचली जाते.

म्हणून आम्ही म्हणतो तो प्रयोग आणि हस्तकला यांत फरक केला पाहिजे. कारागिरी शिकवते वस्तू कशी करायची. प्रयोगात पोर विचारते की असे का झाले, आणि आपले उत्तर तपासून पाहते. हिरड्याची पूड पाण्यात उकळा. दुसऱ्या वाटीत गंजलेले खिळे लिंबाच्या रसात दोन दिवस ठेवा. दोन्ही पाणी एकत्र करा, काळी शाई तयार होते. कोरा कडक चहा घेतला तरी काळपट रंग येतो. हिरड्यात आणि चहात समान काय आहे, हे विचारले की विज्ञान सुरू झाले. बाभळीची साल आणून तपासली की पोर आपल्या आजोबाच्या कुंडापर्यंत पोचते, पण तिथे कामाला बसायला नव्हे.

पाण्याचे उदाहरण तर आपल्या इतिहासातलेच आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि हजारो सत्याग्रही प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून. आज सातवीतले पोरही हे तपासू शकते. पाण्यात विष्ठेतून आलेले जिवाणू आहेत का, हे पाहण्यासाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. लहान बाटलीत औषध लावलेली कागदी पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर ते पिण्यास धोक्याचे समजावे. चाचणी ढोबळ आहे, अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच, आणि काळी पडलेली बाटली मुलांनी उघडायची नाही, शिक्षकांनी ब्लिचिंग पावडर टाकून नष्ट करायची. पण गावातल्या सगळ्या पाणवठ्यांचे पाणी शेजारी शेजारी ठेवा. वरच्या आळीची विहीर, आपल्या वस्तीचा हातपंप, शाळेची टाकी, नदीचा डोह. एका बाटलीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात शेणाचा कणभर अंश कालवा. मग कोणती बाटली काळी पडते ते सर्वांना पाहू द्या. पाणी कोणाच्या स्पर्शाने बाटते आणि कशाने नासते, यावर मग वर्गात भाषण करण्याची गरज उरत नाही. आपल्या वस्तीचे पाणी काळे पडले तर? तर ती बाटली घेऊन ग्रामपंचायतीत जावे. गटार आणि हातपंप यांच्यातले अंतर टेपने मोजून कागदावर लिहावे. हाही प्रयोगाचाच भाग आहे.

सावलीचेही तसेच. पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत महार-मांगांना दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ च्या आधी येण्यास बंदी होती, कारण त्या वेळी सावली लांब पडते. एक मीटरची काठी अंगणात सरळ रोवा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खूण करा. मार्चच्या किंवा सप्टेंबरच्या २० तारखेच्या सुमारास पुण्यात भर माध्यान्ही काठीची सावली काठीच्या साधारण एक तृतीयांश भरते. माध्यान्हीच्या तीन तास आधी आणि तीन तास नंतर ती काठीपेक्षा थोडी लांब होते. मे महिन्यात एक दिवस असा येतो की माध्यान्ही सावली पायाखालीच नाहीशी होते, कोल्हापूरला पहिल्या आठवड्यात, मुंबईला महिन्याच्या मध्याला, नागपूरला अखेरच्या आठवड्यात. यातून पृथ्वीचा कललेला आस शिकता येतो, अक्षांश शिकता येतात. आणि सरपंचाच्या पोराने रोवलेली एक मीटरची काठी आणि वस्तीतल्या पोराने रोवलेली एक मीटरची काठी यांच्या सावल्या मोजल्या की पेशव्यांच्या त्या हुकुमात किती अक्कल होती, तेही शिकता येते. इतिहासाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

बुवाबाजीच्या विरोधात तर या प्रयोगांसारखे हत्यार नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा उच्चशिक्षितांनीही रांगा लावल्या. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून खाली ओघळताना दाखवले. पृष्ठताण शिकवताना हे पोरांना करू द्यावे. चमच्यात काठोकाठ दूध घेऊन कोणत्याही दगडाच्या ओल्या पृष्ठभागाला टेकवावे, दूध ओढले जाते. वरवंटाही दूध पितो. हळदीच्या पाण्यात चुना टाकला की ते लालभडक होते, आणि ‘करणी निघाली’ म्हणून सांगणारे भगत हेच करतात. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडले की काही वेळात आपोआप जाळ होतो. बाबा त्याला तूप म्हणतो आणि मंत्राने अग्नी आणला असे सांगतो. हा शेवटचा प्रयोग शिक्षकानेच चिमूटभर घेऊन, अंतर ठेवून करावा, पोरांच्या हाती देऊ नये. आपल्या वस्तीत हे सगळे संपले आहे, असा कोणाचा समज असेल तर त्याने दवाखान्याच्या आधी गंडादोरा शोधणाऱ्या आपल्याच घरांकडे एकदा पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातही दाराला लिंबू-मिरची लटकलेली आम्ही पाहिली आहे.

वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे संविधानाच्या कलम ५१-क प्रमाणे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते आले. महाराष्ट्रात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा बाबाला पकडेल. बाबाकडे जाणाऱ्या पोराला तो थांबवू शकत नाही.

यावर शिक्षकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, जनगणना, मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती. फुटलेल्या नळीची भरपाई पगारातून होईल ही भीती. यातली बरीच गाऱ्हाणी खरी आहेत. एखादी बाई स्वतःच्या पैशाने भिंगे आणून पोरांना मुंग्या दाखवते, आणि तिला सहकारी वेड्यात काढतात, हेही आम्हाला ठाऊक आहे. अशा शिक्षकांच्या पाठीशी वस्तीने उभे राहिले पाहिजे. दुसरीकडे २०१६ पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. तिथे रोबो आहेत, त्रिमितीय छपाईचे यंत्र आहे. निवड झालेल्या शाळा किती आणि उरलेल्या किती, याचा विचार ज्याने त्याने करावा. आम्हाला आधी प्रत्येक पोराच्या हातात एक भिंग हवे आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल घटकांना प्रमाणात जागा असाव्यात असा नियम आहे. आपल्यापैकी अनेकांची नावे त्या समितीत आहेत. सभेच्या वहीवर सही करून चहा पिऊन आपण परत येतो. पुढच्या सभेत तीन गोष्टी विचाराव्यात आणि इतिवृत्तात लिहून घ्याव्यात. विज्ञान साहित्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? गेल्या महिन्यात ते किती वेळा उघडले? फुटलेल्या साहित्याचा खर्च शाळेच्या अनुदानातून निर्लेखित करण्याचा ठराव झाला आहे का? हा ठराव झाला की शिक्षकाची भीती निम्मी कमी होते.

आणि शाळा उघडेपर्यंत विहार आहेच. रविवारी वंदनेनंतर तासभर पोरे तिथे असतात. सुरुवातीला लागते ते असे: काचेचे सारखे तीन पेले, तीन ताटल्या, मेणबत्त्यांचे सहा तुकडे, निळीची बाटली, आगपेटी, सायकलच्या दुकानातून मीटरभर व्हॉल्व्ह ट्यूब, हळद, चुना, लिंबू, एक भिंग आणि सरळ काठी. पाण्याच्या तपासणीच्या बाटल्या तालुक्याच्या पाणीपुरवठा कार्यालयात किंवा पाणी तपासणी प्रयोगशाळेत चौकशी केली तर मिळू शकतात. मेणबत्ती पेटवताना जवळ बादलीभर पाणी आणि एक मोठे माणूस असावे. पेले फुटले तर वहीत तारीख घालून तसे लिहून ठेवावे.